दिसतंय तेवढं पुरे

१

आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर माझा स्वतःचाच फारसा विश्वास नाही. विद्यापीठात मी उभा जन्म मोजमापातल्या चुकांचं शास्त्र शिकवलं. माणूस जे पाहतो आणि जे असतं, यांत किती अंतर पडू शकतं, हा माझा विषय. त्यामुळे दाराला कुलूप लावलं का हे बघायला मी जिन्यातून परत येतो आणि खात्री झाली की ती खात्री खरी होती का, या विचारात पुढचा रस्ता चालतो. "तुम्ही स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल," असं आमची ही म्हणते. तेव्हा खाली लिहिलेल्याचा क्रम एखाद्या ठिकाणी चुकला असेल. आवाज आधी थांबला की कार्ड आधी जळलं, हे मला आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. बाकीचं घडलं तसं लिहितो आहे. निदान माझी तशी समजूत आहे.

कप्तानचा फोन आला तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. कप्तान म्हणजे माझा कॉलेजातला मित्र. एका सहलीत तो मोठ्या तोऱ्यात सगळ्यांच्या पुढे चालत राहिला आणि आख्ख्या वर्गाला भलत्याच डोंगरावर घेऊन गेला, तेव्हापासून तो कप्तान. मला तो शंकासुर म्हणायचा. मधली कित्येक वर्षं आमची गाठ पडली नव्हती. त्याची बायको गेल्याचंही मला उडत उडतच कळलं होतं.

"शंकासुरा, वेळ कसा जातो रे तुझा?"

"जात नाही," मी म्हणालो. "बसून असतो समोर."

"मग ये खेळायला. हसू नकोस. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. दोघांनी मिळून रानात घर बांधायचं. कोणाला मारायचं नाही, काही नाही. आपल्यासारख्या थकलेल्यांचाच खेळ."

लेकीचा खेळायचा कॉम्प्युटर घरात पडून होता. ती परगावी गेली तेव्हा तिने तो धूळ खात सोडला होता. जुना आहे, म्हणून मी जरा कां-कूं केलं. कप्तान म्हणाला, "माझाही खटाराच आहे. एकाच नावेतले आपण."

आणि खरंच गोडी लागली. रोज चहा झाला की मी हेडफोन लावून बसायचो. आम्ही तळ्याकाठी झोपडी बांधली, कुंपण घातलं, ओढ्यावर पूल टाकला. दूरचं काही दिसायचं नाही. कॉम्प्युटर जुना असला की दूरचा देखावा त्याला झेपत नाही, म्हणून खेळच तिथे धुकं सोडतो. कुंपणापलीकडे थोडं गवत, मग पांढरं. कप्तान त्या धुक्यातही कधी चुकला नाही. ज्याला भर उन्हात डोंगर सापडला नव्हता, तो इथे सरळ चालत जाऊन लाकडं घेऊन यायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं.

एकच गोष्ट खटकायची. त्याच्या बोलण्यामागे हेडफोनमध्ये एक आवाज यायचा. कोणीतरी जड खुर्ची फरशीवरून हळूहळू ओढतंय. थांबतंय. परत ओढतंय.

"तुझ्याकडे कोण आहे रे?"

"वरचे लोक," कप्तान म्हणाला. "दिवसभर काय ओढत असतात, त्यांनाच ठाऊक."

२

असे खेळ एका कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर राहतात. ते रान, ते तळं, ती झोपडी, सगळं एका मशीनमध्ये साठवलेलं असतं आणि दुसरा तिथे पाहुण्यासारखा येतो. आमचं गाव कप्तानकडे होतं. एक दिवस तो म्हणाला, "हे जग आता तू ठेव."

"मी? का रे?"

"माझं वय झालं."

"आपण एकाच वयाचे आहोत."

"मग माझं जास्त झालंय, असं समज. उद्या माझं काही झालं तर आपलं गाव बुडायचं. तू जपून ठेवणारा माणूस आहेस. दहा वेळा कुलूप तपासशील."

मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. माझ्या शंकेखोरपणाला चांगलं नाव देणारा तो पहिलाच माणूस होता. त्याने जगाची फाइल पाठवली. मी ती उतरवून घेत होतो तेव्हा तो एकसारखा विचारत होता. "आली का? उघडली का? आत जाऊन बघितलंस ना? तू स्वतः आत उभा आहेस ना?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग माझ्याकडची पुसतो हं," आणि पुसलीही, लगेच. मला ऐकू आलं, त्याने एक लांब श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बोलण्यामागे शांतता होती.

"वरचे लोक गेले वाटतं?" मी सहज विचारलं.

"गेले," तो म्हणाला आणि हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि हसणं जरा लांबलं.

गाव माझ्याकडे आल्यावर माझ्या मशीनवर भार पडला. पंखा घोंघावू लागला. मग पडद्यावर आडव्या रेघा आल्या, झोपडीचं छप्पर जांभळं झालं, आणि एका दुपारी सगळं काळं पडलं. पडद्यावरचा देखावा रेखाटणारं ग्राफिक्स कार्ड जळालं होतं.

कप्तानला सांगितलं तर त्याच्याकडे उत्तर तयारच होतं. "सगळ्यात लहान घे. एका पंख्याचं, वेगळी वायर न लागणारं, दोन जीबी मेमरीवालं. तुझ्या मशीनला तेवढंच झेपेल."

"पण मग धुकं तसंच राहील ना?"

"धुक्याचं काय घेऊन बसलास! दिसतंय तेवढं पुरे आपल्या वयाला."

त्यानंतर त्याचे फोन येत राहिले. घेतलंस का? कुठलं घेतलंस? मी सांगितलं तेच ना? इतकी आस्था माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी घरच्यांनीही दाखवली नव्हती.

३

कार्डांचं दुकान एका अरुंद गल्लीत, दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये पाचर मारल्यासारखं होतं. भिंतीवर वायरी लोंबत होत्या. दुकानवाल्या बाईंनी माझा कॉम्प्युटर उघडला आणि आत फुंकर मारली. आम्ही दोघंही शिंकलो.

"काका, यात कोणी राहत होतं का?"

मी कप्तानने सांगितलेल्या कार्डाचं नाव सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ते फक्त चित्र उमटवायला. कचेरीत टाइपिंग करायला घेतात. खेळायला कोण घेतं?"

"माझ्या मित्राने सांगितलंय. मुलीचं मशीन आहे, जुनं आहे ना."

"जुनं आहे, मेलेलं नाही. तुमच्या मुलीने पॉवर सप्लाय चांगला घातलाय, ही जादा वायर नुसती लोंबतेय बघा. प्रोसेसर म्हातारा आहे, मान्य. फार भारी कार्ड घातलं तर ते नुसतं बसून राहील आणि प्रोसेसर धापा टाकेल. नवी स्वस्त कार्डं घ्याल तर ती अशा जुन्या बोर्डावर निम्म्याच वेगाने चालतात, पैसे वाया. तुम्हाला मधलं हवं. एक वापरलेलं आहे माझ्याकडे. दोन पंखे, आठ जीबी. नव्या छोट्याच्याच भावात देते."

मी खूप प्रश्न विचारले. आधी कोणी वापरलं, का विकलं, किती तापतं, कॅबिनेटमध्ये मावेल का, वायर पुरेल का. मी कंपासातली पट्टी नेली होती, तिने लांबी मोजली, परत मोजली. हार्डडिस्कचा रिकामा सांगाडा काढला तर मावत होतं. बाई गल्ल्यावर हात टेकून बघत होत्या.

"काका, कार्ड घेताय की मुलीचं लग्न जमवताय?"

त्यांनी ते त्यांच्या मशीनवर लावून दाखवलं. पडद्यावर रंगीत गोळे गरगर फिरत राहिले, माझा चहा संपेपर्यंत. एक डाग नाही, रेघ नाही. मी ते घेतलं.

घरी येताना रस्ताभर मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. कप्तानला सांगितलं नाही. तो रागावेल, आणि त्याचंच बरोबर निघेल, अशी भीती होती.

"भावजींनी सांगितलं त्याच्या उलट केलंत?" ही म्हणाली. "ताप बीप नाही ना आला?"

४

त्या दिवशी धुकं मागे सरलं.

मला ते नीट सांगता येणार नाही. इतके दिवस ज्याला मी आमचं गाव समजत होतो, ते एका प्रचंड खोऱ्याच्या तळाशी होतं. कुंपणापलीकडचं गवत उतरत जाऊन तळ्याला मिळत होतं, तळं मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट मोठं होतं, आणि त्यामागे टेकड्यांच्या रांगा निळसर होत गेल्या होत्या. मी खुर्चीत बसून मोठ्याने "अरे!" म्हणालो. मोतीबिंदू काढल्यावर म्हणालो होतो तसंच.

मग तळ्याच्या पलीकडच्या काठावर मला घर दिसलं.

एकटंच होतं. आमच्या झोपडीसारख्याच फळ्यांचं. एक खिडकी, तिच्यात पिवळा उजेड. मला आनंदच झाला. वाटलं, कप्तानने माझ्यासाठी गुपचूप बांधलं असणार. तो आला तेव्हा त्याची आकृती नेहमीच्या जागी, पुलाशी उभी राहिली.

"ते पलीकडचं घर कधी बांधलंस रे?"

वाटलं, संपर्क तुटला.

"कप्तान?"

"कुठलं घर?"

"तळ्यापलीकडे. खिडकीत दिवा आहे बघ."

"तू तळ्यापलीकडचं कसं बघतोयस?" त्याचा आवाज खाली आला होता. "कुठलं कार्ड घेतलंस तू?"

मी सांगितलं. चोरी पकडल्यावर सांगतात तसं, पुटपुटत.

"वापरलेलं? गाढवा! वापरलेल्या कार्डांची मेमरी गेलेली असते. नाही ते दिसायला लागतं त्यात. भलत्या जागी भलतं चित्र. तिथे काही नाहीये. मी बघतोय ना, माझ्याकडे धुकं आहे नुसतं. परत कर ते. आजच्या आज."

"तुझ्याकडे धुकं आहे, मग तिथे काही नाही हे तुला कसं कळलं?"

हे मी विचारलं का? आज मला वाटतं की विचारलं. पण मी असे चटकन सुचणारे प्रश्न बहुधा रात्री अंथरुणात विचारतो, मनातल्या मनात. त्या दिवशी मी बहुतेक फक्त "बरं" म्हणालो.

५

कार्डाची मेमरी गेली असेल, किंवा माझी. दोन्ही शक्यता सारख्याच होत्या. त्यांतली एक तरी काढून टाकता येते का, हे बघणं माझं कामच होतं.

मी कार्ड काढून दुकानात नेलं. बाईंनी मेमरीची तपासणी करणारा प्रोग्रॅम लावला आणि मला स्टुलावर बसवलं. तो चालू असेपर्यंत चार गिऱ्हाइकं आली आणि गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "ठणठणीत आहे, काका. तुमच्या मित्राला म्हणावं, एवढीच काळजी असेल तर स्वतः येऊन बघ."

घरी आणून परत लावलं. घर तिथेच होतं. तिथेच म्हणजे, मला तसं वाटत होतं. मग मी पुलावर उभा राहून पडद्याला पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा राहून परत लावली. खिडकी रुंद झाली होती. पट्टी तिरकी धरली असेल म्हणून तिसऱ्या दिवशी परत. आणखी रुंद.

मी हिला हाक मारली. काही सांगितलं नाही. सांगितलं की माणसाला दिसायला लागतं. नुसतं म्हणालो, "बघ, कसं आहे आमचं गाव?"

ती पदराला हात पुसत आली. चष्मा वर करून बघत राहिली. "छान आहे की. शांत आहे अगदी." मग पडद्याजवळ गेली. "पाण्यापलीकडे कोण राहतं? भावजी का?"

"का?"

"खिडकीत कोणीतरी बसलंय, पाठ करून."

मी तिच्याकडे बघितलं. तिला विनोद करताना मी इतकी वर्षं पाहिलेलं आहे. तेव्हा डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. त्या नव्हत्या.

त्यानंतर मी एक मूर्खपणा केला. सेटिंगमध्ये जाऊन दिसण्याचं अंतर कमी केलं, पूर्वीइतकं. धुकं परत कुंपणापाशी आलं. क्षणभर जीव भांड्यात पडला. मग मला कळलं, मी धुक्याकडे टक लावून बसलो आहे. पूर्वी तिथे काही नव्हतं. आता तिथे काय आहे ते मला माहीत होतं, फक्त किती जवळ, ते माहीत नव्हतं. मी अंतर परत वाढवलं. दिसलेलं बरं.

त्याच आठवड्यात ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, खुर्ची ओढताय ती उचलून ठेवा ना! फरशीला चरे पडतात."

मी हातही न हलवता बसलो होतो.

"वरचे लोक असतील," मी म्हणालो. हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी छताकडे बघितलं.

ती दारात आली. हातात उलथनं तसंच होतं. "वर कोण? वर गच्ची आहे."

६

मी कप्तानला फोन लावत राहिलो. शेवटी तो खेळात आला, बहुधा मी गप्प बसावं म्हणून. त्याची आकृती पुलाशी उभी राहिली. घर तोपर्यंत तळ्याच्या अलीकडे आलं होतं, कुंपणाबाहेरच्या गवताच्या टोकाला. आकृतीची पाठ घराकडे होती. मी इतक्या दिवसांतल्या सगळ्या दुपारी आठवून बघितल्या. लाकडं तोडताना, कुंपण घालताना, पूल बांधताना. त्याने त्या दिशेला तोंड केल्याचं मला एकदाही आठवेना. माझ्या आठवणीचं मी सांगितलंच आहे. पण एकदाही नाही.

"मागे वळून बघ," मी म्हणालो.

"कशाला? मला धुकंच दिसणार."

"मग बघायला काय हरकत आहे?"

तो वळला नाही. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यामागे काही नव्हतं. इतकी स्वच्छ शांतता मी त्याच्याकडून पूर्वी कधी ऐकली नव्हती.

"तुला दिसत होतं," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

"शंकासुरा, तू फार विचार करतोस. वहिनींना घेऊन कुठेतरी फिरून ये."

"आमच्या घरात खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, कप्तान. आमच्या वर गच्ची आहे. तुझ्या वर कोण राहायचं?"

तो म्हणाला, आणि त्याचा तो स्वर मी विसरू शकत नाही, कारण तो खरा होता, आमच्या सगळ्या दुपारींमधला बहुधा एकुलता एक खरा:

"मी काल रात्रभर झोपलो रे. ही गेल्यापासून पहिल्यांदा. तुला कल्पना नाही, नुसतं झोपणं म्हणजे काय असतं."

"मला का?" मी विचारलं. "मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तू चांगला आहेस. म्हणून तर."

"कप्तान, परत घे ते."

"वहिनींना नमस्कार सांग," तो म्हणाला आणि त्याची आकृती पुलावरून नाहीशी झाली. नंतर त्याने माझा फोन कधी घेतला नाही. त्याच्या मुलाने एकदा उचलला आणि अवघडून सांगितलं, "काका, बाबा म्हणतात, तुमची तब्येत जरा बरी नाहीये सध्या. तुम्ही आराम करा." म्हणजे त्याने माझ्या डोक्याचंही आधीच सांगून ठेवलं होतं. मी आयुष्यभर स्वतःवर शंका घेतली. त्याच शंकेचा त्याने असा उपयोग केला.

७

यानंतर मी फक्त एकदा आत गेलो. ही बाजारात गेली होती. बाहेर ऊन होतं, समोरच्या इमारतीत कोणीतरी गालिचा झटकत होतं. इतकी साधी दुपार.

घर पुलाच्या अलीकडे होतं. कुंपण मोडलेलं नव्हतं, घर कुंपणाच्या आत होतं. खिडकी माझ्यासमोर. मी जवळ गेलो. पंखे जोरात फिरायला लागले, कार्डाला काहीतरी फार बारीक तपशिलाचं रेखाटावं लागत असल्यासारखे.

आत खोली होती. टेबल होतं. टेबलाखाली कॅबिनेट, ज्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं होतं, तापू नये म्हणून. माझं मी तसंच ठेवतो. टेबलाशी एक म्हातारा पाठ करून बसला होता, कानांवर हेडफोन, डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल. माझं टक्कल मी मागून कधी पाहिलेलं नाही. हिने सांगितल्यावरून ते वाटोळं आहे, एवढंच माहीत आहे. हे वाटोळं होतं.

म्हाताऱ्याच्या मागे दुसरी खुर्ची होती. अगदी मागे, त्याच्या खुर्चीला टेकून. तिच्यावर कोणीतरी बसलं होतं, पुढे झुकून. एखाद्याच्या खांद्यावरून आपण वर्तमानपत्र वाचतो, तसं.

ते तोंड खिडकीकडे वळायला लागलं. घाईने नाही.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखे थांबत गेले. पडद्याच्या काळ्या काचेत खोलीचं प्रतिबिंब पडायला हवं होतं. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे पडलं की नाही, सांगता येणार नाही. हेडफोन अजून कानांवर होते. मशीन बंद असताना त्यांतून काही येणं शक्य नव्हतं. आवाज आला तो माझ्या खुर्चीच्या पायांतून आला. मागे काहीतरी टेकल्याचा, हलकासा.

ही परत आली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो. पिशव्या खाली ठेवत ती म्हणाली, "जेवणाची खुर्ची इथे कशाला आणलीत?"

मीच आणली असेन. शक्य आहे. विसरलो असेन.

८

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आम्ही ते घर सोडलं. आवाज आमच्याबरोबर आला. हिला आता तो फारसा ऐकू येत नाही, तिचे कान गेले आहेत, आणि त्याचा मला आनंद होतो, याची लाज वाटते. मी पाठ भिंतीला लावून बसतो. खेळाची फाइल मी पुसून बघितली. काही फरक पडला नाही. नुसतं पुसून चालत नसावं, ती आधी कोणाला तरी द्यावी लागत असावी. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मध्यंतरी विचारत होते, वेळ जात नाही, कॉम्प्युटरवर दोघांनी खेळण्यासारखं काही आहे का म्हणून. मी नाही म्हणालो. हे मोठेपणाने सांगत नाही. त्यांच्या घरचं मशीन किती जुनं आहे, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आला होता.

कप्तान मागच्या वर्षी गेला. झोपेतच गेला, असं कळलं. वर्गातले उरलेले लोक त्याच्या घरी जमले. सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलले, मीही बोललो. निघताना आमच्यातला वकील जिन्यात म्हणाला, "तुझ्याशी खेळायचा ना तो? मलाही बोलावलं होतं रे एकदा. मी म्हटलं, मुलाने नवा कोरा कॉम्प्युटर दिलाय, त्यावर क्षितिजापर्यंत दिसतं. तर म्हणाला, मग राहू दे."

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी इतकी वर्षं शिकवलं. वकिलाची आठवण माझ्यासारखीच असू शकते. म्हणून घरी येऊन मी आमच्या वर्गातल्या डॉक्टरणीला फोन केला. तिची स्मरणशक्ती पहिल्यापासून दृष्ट लागण्यासारखी.

"हो, मलाही आला होता त्याचा फोन," ती म्हणाली. "मी म्हटलं, मला कुठे वेळ आहे? मशीन नवं का जुनं, तेही विचारलं त्याने. नवंच आहे म्हटल्यावर त्यालाही ते पटलं. मग मीच त्याला तुझं नाव सुचवलं. तुझी लेक मला सांगून गेली होती ना, बाबांकडे माझं जुनं मशीन पडून आहे म्हणून."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. त्यावर लांबचं दिसत नाही ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नसेलच दिसत. तेव्हा त्याने माझ्याकडून तुझा नंबर घेतला."